'अहो' कुणाला आणि 'अरे' कुणाला?

सौजन्य, शिष्टाचार, सभ्यता आणि माणुसकी असे चार शब्द आपल्या भाषेत आहेत, आणि हे चारही शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक ते एक नव्हेत. सभेत शोभतो तो सभ्य; म्हणजे सभ्यतेला सभा लागते, चार बघणारे लागतात. शिष्टाचार हा शिकलेल्यांचा आचार. त्याला शिक्षण लागते. सौजन्याचे तर आपण सप्ताह साजरे केले. माणुसकीला मात्र यांतले काहीच लागत नाही. समोर एक माणूस असला की पुरे. बघणारा कुणी नसताना, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचे नाही आणि ज्याच्यापासून आपल्याला काही धोकाही नाही, अशा माणसाशी आपण कसे बोलतो, ही तिची परीक्षा आहे. या परीक्षेत आपण, म्हणजे सीमाभागातली शिकली-सवरलेली मराठी कुटुंबे, नापास आहोत असे माझे स्पष्ट मत आहे.

फराळाचे ताट समोर असताना असे बोलणे कुणाला रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण मी पेशाने मुख्याध्यापक. सणासुदीला निकालपत्रकावरची लाल शाई निळी होत नाही.

एक दिवस, फक्त एक दिवस, आपल्या घरात कान देऊन ऐका. सकाळी दूधवाला येतो. वयाने तो आपल्या वडिलांएवढा असला तरी 'अरे'. घंटागाडी येते. महापालिकेच्या कागदोपत्री ज्याला 'पौरकार्मिक' म्हणतात तो आपल्या तोंडी 'कचरेवाला', आणि त्याला हाक मारायची ती 'ए' अशी. धुणेभांडी करणाऱ्या बाईला आपण 'मावशी' म्हणतो. नाते मोठे लावतो, पण पुढचे वाक्य असते, 'मावशी, उद्या लवकर ये गं.' दहा वाजता दवाखान्यात जावे. डॉक्टर आपल्या मुलाच्या वयाचा असतो, त्याला 'अहो डॉक्टर'. आणि औषधाच्या पुड्या बांधून देणारा पन्नाशीचा कंपाउंडर मात्र 'अरे'. बँकेत मॅनेजर 'साहेब', शिपाई नुसत्या नावाने. बाजारात सराफाकडे 'काय शेठ, बरे आहात ना?', आणि तिथून दहा पावलांवर बसलेल्या भाजीवालीला 'काय गं, मेथी कशी दिलीस?' सराफाने सांगितलेली मजुरी आपण निमूट देतो आणि मेथीच्या पेंडीवर दोन रुपयांसाठी वाद घालतो, हा भाग आणखी वेगळा.

या सगळ्यात वयाला मान नाही, श्रमाला मान नाही, वागणुकीलाही मान नाही. मान आहे तो फक्त एका गोष्टीला: या माणसाशी वाकडे वागलो तर आपले काही बिघडेल का? बिघडणार असेल तर 'अहो', नसेल तर 'अरे'. याला आपण संस्कार म्हणतो!

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकवले जाते. 'सर, मराठीतले "तू" हे प्रेमाचे असते. आपण आईला "तू" म्हणतो, देवाला "तू" म्हणतो, विठोबाला तर सरळ "अरे" म्हणतो. दूधवाल्याला "तू" म्हटले म्हणजे अपमान कसा?' उत्तर वरवर बिनतोड आहे. पण त्याची परीक्षा सोपी आहे. आईला मी 'तू' म्हणतो आणि आईही मला 'तू'च म्हणते. जुना मित्र मला 'तू' म्हणतो, मीही त्याला 'तू' म्हणतो. आता तुमच्या दूधवाल्याने उद्या सकाळी दारात उभे राहून तुम्हाला म्हणावे, 'अरे, पातेले आण लवकर.' चालेल? चालणार असेल तर तुमचे 'तू' प्रेमाचे आहे, माझी काही तक्रार नाही. चालणार नसेल, तर ते प्रेम नव्हे. दोन्ही बाजूंनी चालते ते 'तू' जिव्हाळ्याचे. एकाच बाजूने चालते ते 'तू' समोरच्याला त्याची पायरी दाखवण्याचे.

ही कसोटी वाचकांनी मनात ठेवावी अशी विनंती आहे. या लेखात पुढे मला तिचीच गरज लागणार आहे.

आपल्या शेजारच्या कानडीकडे पाहा. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत 'री' हा एक लहानसा प्रत्यय आहे. 'बर्री', 'हेळ्री', 'कुंद्री': या, सांगा, बसा. बाजारात, बसमध्ये, अनोळखी माणसाशी बोलताना तो सहज लागतो; भाजीवालीलाही लागतो. बैलहोंगल-गोकाककडचा शेतकरी आपल्या पेठेत येतो तेव्हा दुकानदाराशी तो 'री' लावून बोलतो, आणि आपला दुकानदार त्याच्या बापाच्या वयाच्या त्या शेतकऱ्याला एकेरीत उत्तर देतो. कन्नड माणूस जन्मतः नम्र असतो आणि मराठी माणूस उद्धट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्याकडेही 'ले' आहे, आणि तो 'ले' नेमका कुणाला लागतो हे ऐकले की त्यांच्या पायऱ्याही लख्ख दिसतात. बाराव्या शतकात बसवण्णांना हे दिसले होते. स्वर्ग आणि नरक दूर कुठे नसून माणसाला आदराने हाक मारण्यात आणि तुच्छतेने हाक मारण्यात आहेत, अशा आशयाचे त्यांचे एक वचन आहे. बसवजयंतीला हार घालणारे आणि शिवजयंतीला हार घालणारे, दोघांनीही ते मनावर घेतलेले नाही.

मुलांचे काय होते ते मी रोज पाहतो. 'वडीलधाऱ्यांचा आदर' या विषयावर निबंध द्या, वर्गातली सगळी मुले सुंदर निबंध लिहितात. तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते. ती घंटा देणाऱ्या साठीला टेकलेल्या शिपायाला तीच मुले बाहेर येऊन नावाने, एकेरीत हाक मारतात. या मुलांना हे कुणी शिकवलेले नसते. त्यांनी घरी ऐकलेले असते, आणि ऐकलेले पाठ्यपुस्तकापेक्षा पक्के बसते.

आमच्या शाळेत आम्ही एक नियम केला. शिपाई, झाडलोट करणाऱ्या बाई, माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या बाया, या सर्वांशी मुलांनी आणि शिक्षकांनीही अहो-जाहोच करायचे. मुलांनी आठवड्याभरात नियम उचलला. काही शिक्षकांना सहा महिने लागले. आणि एक पालक, चांगले पदवीधर, मला भेटायला आले. त्यांचा प्रश्न असा होता: 'सर, शिपायाला "अहो" म्हणायचे, तर मग तुम्हाला काय म्हणायचे?'

या प्रश्नात सगळा रोग आहे. आदर म्हणजे रेशनची साखर, एकाला दिली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येणार, अशी आपली समजूत आहे. शिपायाला 'अहो' म्हटले की मुख्याध्यापकाचे 'अहो' स्वस्त होते! मी त्यांना म्हटले, 'मलाही "अहो"च म्हणा. भाषेत तेवढे एकच आहे.' ते हसले, पण पटले नाही असे चेहऱ्यावरून दिसले.

हे नुसत्या शब्दांचे दुखणे असते तर मी इतका कागद खर्च केला नसता. पण शब्दामागे वस्तू असते. आपल्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला किंवा खिडकीत पालथा घातलेला एक वेगळा कप असतो. तो कुणाचा, हे घरातल्या पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, १९७६ साली तो अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने पुढे आला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून उपोषणाला बसले, आणि ते दार उघडले. मंदिराचे दार उघडले, पण तो कप अजून खिडकीतच आहे. 'स्वच्छतेसाठी ठेवतो हो, बाकी काही नाही,' असे म्हणतात. ज्या हातांनी घरातली सगळी भांडी घासली जातात, त्या हातांनी धरलेला कपच तेवढा अस्वच्छ, हे कुठले स्वच्छतेचे शास्त्र? ज्या घरात हा कप आहे त्या घरात 'श्यामची आई' कपाटात ठेवून काही उपयोग नाही.

आता सीमाभागाच्या खास दुखण्याकडे येतो. येथे मला सावधपणे, पण आडपडदा न ठेवता बोलायचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला आपला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, २०१४ साली बेळगावचे नाव सरकारी कागदावर बेळगावी झाले. हे सगळे वाचकांना पाठ आहे. दिवाळीच्या आगेमागे दरवर्षी १ नोव्हेंबर येतो; एका गल्लीत काळा दिन, पलीकडच्या गल्लीत राज्योत्सव. या प्रश्नाचा निवाडा काय व्हावा याविषयी माझे मत बहुतेक वाचकांसारखेच आहे. तो या लेखाचा विषय नाही. निवाडा काहीही झाला तरी उद्या सकाळी एकाच नळावर, एकाच बसमध्ये आणि एकाच काउंटरवर आपण दोघे असणार आहोत. माझा विषय त्या काउंटरचा आहे.

एक दृश्य मी एका सरकारी कार्यालयात पाहिले आहे. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी अनेक आहेत. सत्तरीचे एक शेतकरी, मराठी चौथी शिकलेले, हातात जमिनीसंबंधीची नोटीस. नोटीस कन्नडमध्ये. त्यांनी मराठीत विचारले, 'साहेब, यात काय लिहिले आहे तेवढे सांगा.' खिडकीतून उत्तर आले, 'कन्नडात विचारा.' खिडकीतल्या माणसाला मराठी समजत होते, हे त्याच्या उत्तरावरूनच उघड होते. प्रश्न समजल्याशिवाय 'कन्नडात विचारा' असे कोण म्हणेल? शेतकरी अर्धा तास उभे होते. शेवटी रांगेतल्या एका कन्नड भाषिक मुलीने, कॉलेजला जाणारी असेल, ती नोटीस घेतली आणि तोडक्या मराठीत त्यांना समजावून सांगितली.

त्या खिडकीने जे केले ते माणुसकीला सोडून होते, आणि ते मी कोणत्याही व्यासपीठावर म्हणेन. ते राज्यघटनेच्या भावनेलाही सोडून होते. ३५०व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. उत्तर त्याच भाषेत मिळेल असे ते कलम सांगत नाही, हे खरे. पण ऐकून घेणे तरी आले की नाही? १९५६ च्याच घटनादुरुस्तीने त्याच्या जोडीला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, ही दोन कलमे आली. म्हणजे राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांना तेव्हाच कळले होते की रेषा कुठेही ओढली तरी रेषेपलीकडे माणसे उरणारच. पाटीवर ६० टक्के कन्नड हवे असा कायदा २०२४ साली कर्नाटकात झाला. पाटीवरची टक्केवारी मोजायला अधिकारी मिळतो. खिडकीमागचा माणूस समोरच्याशी कसा बोलला, हे मोजायला कुणी नाही.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या वाचकांना आता माझी विनंती आहे की मान तशीच ठेवावी, कारण हेच माप मी आता आपल्याला लावणार आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यात एका बस कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली. त्याच्या पाठोपाठ चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसच्या चालकाला काळे फासले गेले. दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या बंद पडल्या, आणि ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता अशी माणसे, दवाखान्याला निघालेली, लग्नाला निघालेली, स्टँडवर बसून राहिली. त्या दिवसांत मी आपल्या माणसांच्या बैठकीत काय ऐकले? चित्रदुर्गच्या घटनेचा निषेध, तोही सात्त्विक संतापाने. आणि बेळगावच्या घटनेबद्दल? 'त्यालाही मराठी बोलायला काय झाले होते?'

म्हणजे खिडकीतला कारकून 'कन्नडात विचारा' म्हणतो तेव्हा तो जुलूम, आणि आपला मुलगा 'मराठीत बोल' म्हणून कंडक्टरवर हात उचलतो तेव्हा तो स्वाभिमान! मघाची कसोटी येथे लावा. ज्या सक्तीला मी स्वतः तयार नाही, ती मी दुसऱ्यावर करणार असेन, तर ती मागणी एकाच बाजूने चालणारी आहे. 'अरे' म्हणणाऱ्याने 'अहो'ची अपेक्षा करण्यासारखी. कंडक्टर कोण? गळ्यात पैशाची पिशवी, हातात तिकिटाचे मशीन, दिवसभर उभा, सुट्ट्या पैशांवरून दोन्ही भाषांतल्या शिव्या खाणारा नोकरदार. त्याने सीमा आखली नाही. त्याने नोटिसा छापल्या नाहीत. चित्रदुर्गजवळ ज्याच्या तोंडाला काळे फासले त्यानेही नाही. दोघेही पगारी माणसे, दोघांच्याही घरी कुणीतरी जेवणासाठी वाट पाहत थांबलेले. राज्यावरचा राग काढायला आपल्याला राज्य सापडत नाही, म्हणून आपण बसमधला माणूस पकडतो. ज्याच्यापासून आपले काही बिघडणार नाही त्यालाच आपण 'अरे' म्हणतो, ही आपली घरातली सवय रस्त्यावर आली, एवढेच. डी. सी. साहेबांसमोर निवेदन देताना आपण किती मृदू मराठी बोलतो, आणि जमले तर त्यात दोन वाक्ये कन्नडचीही घालतो, हे आठवून पाहा.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला असा की 'त्यांनी आधी नीट वागावे, मग आम्ही वागू.' शाळेच्या मैदानावर हे वाक्य मी रोज ऐकतो. बोलणारे आठवीतले असतात, आणि 'त्याने आधी मारले' हे कारण मी कधी मान्य करत नाही. दुसऱ्याच्या वागण्यावर ज्याचे माप ठरते ती माणुसकी नव्हे, तो व्यवहार झाला. व्यवहार जरूर करावा, पण त्याला मोठे नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'अशा गोडव्याने लढा बोथट होतो. हक्कासाठी झगडणाऱ्याने नरम होऊन चालत नाही.' या आक्षेपकर्त्यांनी निपाणीला जाऊन यावे. १९८१ साली तेथे तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. त्यात घरात मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते. त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसे मेली. तो लढा बोथट होता असे कुणी म्हणेल काय? रस्त्यावर शेजारी बसलेल्याची भाषा वेगळी म्हणून तिथे कुणी उठून गेले नाही; तंबाखूचा भाव हा दोघांच्याही पोटाचा प्रश्न होता. कठोर मागणी आणि माणसाचा अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी सरकारकडे करायची असते, ती जितकी कठोर करता येईल तितकी करावी, कागदावर, कोर्टात, रस्त्यावर. अपमान माणसाचा होतो, आणि त्याने मागणीचे वजन एक गुंजही वाढत नाही. उलट आपल्या मुलाने कंडक्टरला मारले की त्या सत्तरीच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे हलके होते. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या कारकुनाला आयते कारण मिळते.

तिसरा आक्षेप असा की 'हे आम्हाला सांगू नका, आमचा इतिहासच दोन भाषांचा आहे.' मग नावे येतात. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि ते कन्नडचे महाकवी झाले, १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. कुमार गंधर्व जन्मले सुळेभावीत, कन्नड घरात, आणि मराठी माणसाने त्यांना आपलेच मानले. पंढरीच्या विठोबाला आपल्या संतांनी कानडाच म्हटले. सगळे खरे आहे, आणि प्रत्येक स्नेहसंमेलनात ते सांगून आपण टाळ्या घेतो. पण बेंद्र्यांचे नाव घ्यायला खर्च काहीच येत नाही. पेठेत आलेल्या गोकाकच्या शेतकऱ्याला 'कुंद्री' म्हणून बसायला स्टूल देण्याला थोडासा खर्च येतो, अहंकाराचा. तेवढा आपल्याला परवडत नाही.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. माणुसकी म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणे, कुणालाही न दुखावणे, असे मी म्हणत नाही. 'थँक्यू' आणि 'सॉरी' हे दोन शब्द आपल्या मुलांच्या तोंडात आता पक्के बसले आहेत. त्याने फारसे काही झाले नाही. मॉलमधल्या मुलीला 'थँक्यू' म्हणणारा मुलगा घरी आल्यावर मावशीला 'ए, पाणी दे' म्हणतोच. माणुसकीला कधी कधी कडवे बोलावे लागते. बसमध्ये आपला मुलगा कंडक्टरवर ओरडत असेल तर त्याला चारचौघांत 'गप बस' म्हणणे ही माणुसकी आहे. खिडकीतला कारकून म्हाताऱ्याला ताटकळत ठेवत असेल तर रांगेतून पुढे होऊन, आवाज न चढवता पण ठामपणे, 'यांना समजावून सांगा, नाहीतर तुमच्या वरिष्ठांकडे चला' असे म्हणणे ही माणुसकी आहे. तो म्हातारा मराठी असो की कन्नड. त्या दिवशी त्या कॉलेजच्या मुलीने तोडक्या मराठीत जे केले ते आपल्या किती मुली तोडक्या कन्नडात करतील? आपली मुले पहिल्या भाषेत मराठी घेतात, शाळेत कन्नडही शिकतात, एस. एस. एल. सी. ला त्यात बरे गुणही मिळवतात. आणि ते कन्नड फक्त उत्तरपत्रिकेपुरते ठेवतात. कन्नडचे दोन शब्द बोलल्याने मराठी बाटत नाही. ज्याची भाषा घरात पक्की आहे त्याला शेजाऱ्याच्या भाषेची भीती वाटत नाही. भीती वाटते ती ज्यांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत आणि ज्यांच्या घरात मराठी मासिक येणे बंद झाले आहे त्यांना. पाट्यांसाठी सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्यांपैकी किती जणांची मुले आमच्या मराठी शाळांत आहेत, हा हिशेब एकदा जाहीरपणे मांडायला मी तयार आहे.

तेव्हा मला काय हवे आहे ते थोडक्यात सांगतो. शाळेत फळ्यावर लिहितो तसेच सांगतो, म्हणजे गैरसमजाला जागा राहणार नाही.

घरात कामाला येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला, मुलांसह सर्वांनी 'तुम्ही' म्हणावे. खिडकीतला कप काढून घरातल्या कपांत मिसळावा. कुठला कुणाचा हे पुन्हा ओळखता येऊ नये. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने कन्नड गिऱ्हाइकाला 'बर्री' म्हणावे आणि त्याने मराठीत विचारले तर मराठीत, कन्नडात विचारले तर येईल तेवढ्या कन्नडात उत्तर द्यावे. आपल्या पतसंस्थांनी, सोसायट्यांनी, वाचनालयांनी आपल्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या कन्नड सभासदाला तीच वागणूक द्यावी, जी आपण तहसीलदार कचेरीत आपल्यासाठी मागतो. मागणीचे निवेदन देण्याआधी आपली खिडकी तपासावी. आणि कुणी मराठी पोराने परभाषिक नोकरदाराचा अपमान केला, तर 'पण त्यानेही' हा शब्द न उच्चारता आपणच आधी निषेध करावा.

यातले एकही काम करायला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. निवडणूक जिंकावी लागत नाही, पैसाही लागत नाही. म्हणूनच की काय, ते होत नाही. ज्या गोष्टीत दोष दुसऱ्यावर टाकायला जागा नसते, तिचा आपल्याला कंटाळा असतो.

एवढ्यात दिवाळीची पोस्त मागायला माणसे दारात येतील: घंटागाडीवाले, पोस्टमन, पेपर टाकणारा, लाइनमन. काही कन्नड बोलतील, काही मराठी, काही दख्खनी. पोस्त किती द्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. पण देताना दारातल्या दारात हात लांब करून 'घे' म्हणू नका. बाहेर या, आणि 'घ्या' म्हणा. मुलाला शेजारी उभे करा, म्हणजे त्याच्याही कानावर पडेल.